एकाच आगगाडीतून निघालेली मुले

तुळजापूरहून कोल्हापूरला जाणारा रस्ता आपल्या धाराशिव जिल्ह्यातील लोकांना नवा नाही. भाविक त्या रस्त्याने जातात, व्यापारी जातात, शिक्षणासाठी मुलेही जातात. मात्र कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलंडच्या लोकांनी कृतज्ञतेने उभारलेला एक स्मृतिस्तंभ आहे, त्याच्यापाशी थांबणारे थोडेच. शहरापासून काही किलोमीटर अंतरावरील वळिवडे या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. २०१९ च्या सप्टेंबर महिन्यात त्या मुलांपैकी काही जण, आता वार्धक्याने वाकलेले, पुन्हा कोल्हापुरात येऊन गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकावर पुष्पचक्र वाहिले, तेव्हा वर्तमानपत्रांतून या कथेला पुन्हा उजाळा मिळाला.

वळिवडेचे हे पाहुणे बहुतांशी कॅथोलिक होते. त्यांचे चर्च होते, त्यांचे धर्मगुरू होते, त्यांचे सण आपलेच सण होते. साहजिकच आपल्या मंडळींना या कथेविषयी आपुलकी वाटते. परंतु ही कथा वाचताना एक प्रश्न मनात उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. युद्धापूर्वी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू, म्हणजे यहुदी, नागरिक होते. दर दहा पोलिश माणसांमागे जवळजवळ एक. मग वळिवडेच्या त्या हजारो मुलांमध्ये ज्यू मुले फारशी का आढळत नाहीत? ती कोठे गेली?

शिक्षा जी जीवदान ठरली

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या सैन्याने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले. १७ सप्टेंबर रोजी स्टॅलिनचे सैन्य पूर्वेकडून आत शिरले. देशाचे दोन तुकडे झाले. जर्मन अमलाखालील भागातून लाखो माणसे, विशेषतः ज्यू कुटुंबे, जीव वाचवण्यासाठी पूर्वेकडील सोव्हिएत भागात पळून आली. तेथेही त्यांना स्वस्थता लाभली नाही. १९४० व १९४१ या वर्षांत सोव्हिएत राजवटीने चार मोठ्या लाटांत लोकांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियात, उत्तरेच्या अरण्यांत आणि कझाकस्तानात हद्दपार केले. फेब्रुवारी १९४० च्या लाटेत शेतकरी व वनरक्षक यांची कुटुंबे होती. ती बहुधा कॅथोलिक. एप्रिलमध्ये अटकेतील अधिकाऱ्यांच्या बायकामुलांची पाळी आली. जून १९४० च्या लाटेत मात्र पश्चिमेकडून पळून आलेले निर्वासित होते आणि त्यांत ज्यूंची संख्या फार मोठी होती.

येथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. सैबेरियातील थंडी, उपासमार, लाकूडतोडीचे कष्ट आणि रोगराई यांमुळे हद्दपार झालेल्यांपैकी अनेक जण दगावले. तरीही जे मागे राहिले, ज्यांना गाडीत बसवले गेले नाही, त्यांच्या नशिबी याहून भयंकर अंत होता. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर चाल केली आणि काही आठवड्यांतच त्याच गावांमध्ये ज्यूंच्या सामूहिक हत्या सुरू झाल्या. युद्ध संपले तेव्हा पोलंडमधील सुमारे ३० लाख ज्यू मारले गेले होते. जे वाचले, त्यांतील बहुसंख्य सोव्हिएत प्रदेशात होते म्हणून वाचले. आईवडिलांनी ज्या गाडीला शाप दिला असेल, त्याच गाडीने त्यांच्या लेकरांना मृत्यूच्या टापूबाहेर नेले होते.

नाव लपवणारी मुले

जुलै १९४१ मध्ये लंडनमधील परागंदा पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. हद्दपार पोलिश नागरिकांची मुक्तता झाली आणि जनरल आंडर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवरच पोलिश सैन्य उभारले जाऊ लागले. ही बातमी कळताच उत्तरेच्या छावण्यांतून माणसांचे लोंढे दक्षिणेकडे, उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तानकडे निघाले. वाटेत विषमज्वराने व भुकेने असंख्य बळी घेतले. सैन्याच्या तळांजवळ पोलिश अनाथालये उघडली गेली. तेथे निदान पाव मिळे. अनेक आयांनी स्वतःच्या जिवंतपणी आपली मुले तेथे अनाथ म्हणून सोडली. कॅथोलिक आयांनी सोडली, ज्यू आयांनीही सोडली.

१९४२ मध्ये सुमारे एक लाख पंधरा हजार माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. त्यांत हजारो मुले होती. ज्यूंना या जहाजांवर जागा मिळणे अवघड होते. सोव्हिएत अधिकारी त्यांना पोलिश नागरिक मानायला तयार नव्हते आणि पोलिश अधिकाऱ्यांनीही पुष्कळदा हात आखडता घेतला. दोष कोणाचा किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. परिणाम मात्र सरळ होता. काही ज्यू मुले आपली खरी ओळख लपवून त्या जहाजांवर चढली. आपले नाव बदलायचे, प्रार्थनेच्या वेळी इतरांसारखे गुडघे टेकायचे, घरची भाषा ओठांवर येऊ द्यायची नाही, हे आठदहा वर्षांच्या मुलाला शिकावे लागले. अनाथालयांतील इतर मुले त्यांना चिडवीत, प्रसंगी मारीत, हे त्यांच्या नंतरच्या कथनांतून पुढे आले आहे. चिडवणारी मुलेही उपाशी होती, पोरकी होती आणि बाप्तिस्मा झालेली होती. आपण कॅथोलिकांनी हे वाक्य सावकाश वाचावे, असे मला वाटते.

तेहरानजवळच्या पोलिश छावणीत ज्यू मुलांसाठी पुढे वेगळा निवारा उघडला गेला आणि येथे एकाच आगगाडीतून निघालेल्या मुलांच्या वाटा फुटल्या. ज्यू मुलांना पॅलेस्टाइनला न्यायचे ठरले; पण इराकने आपल्या भूमीवरून जाऊ देण्यास नकार दिला. नकाशा पाहिला तर तेहरानहून यरुशलेमकडे जाणारा मार्ग पश्चिमेला आहे. या मुलांना मात्र आधी पूर्वेला यावे लागले. जानेवारी १९४३ मध्ये सुमारे सातशे मुले इराणच्या आखातातून जहाजाने कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात, आणली गेली. तेथून दुसऱ्या जहाजाने अरबी समुद्र व तांबडा समुद्र पार करून सुएझ आणि मग आगगाडीने १८ फेब्रुवारी १९४३ रोजी ती पॅलेस्टाइनमधील अटलिट येथे उतरली. मोशेबरोबर इस्राएल लोकांनी केलेल्या प्रवासाची आठवण व्हावी, असाच तो फेरा होता. इतिहासात ही मुले ‘तेहरानची मुले’ म्हणून ओळखली जातात. उन्हाळ्यात आणखी एक लहान तुकडी गेली आणि एकूण संख्या साडेआठशेच्या वर गेली.

मुंबई, बालाचडी, वळिवडे

हिंदुस्थानात आलेल्या पोलिश मुलांची पहिली तुकडी याआधीच, १९४२ च्या वसंत ऋतूत, तुर्कमेनिस्तानातील अश्काबादहून मालमोटारींनी खुश्कीच्या मार्गाने निघाली होती. ती मुंबईत पोहोचल्यावर मुलांना काही काळ वांद्रे येथे ठेवण्यात आले. मुंबईतील पोलंडचे वाणिज्यदूत बानासिन्स्की व त्यांच्या पत्नी किरा यांनी यासाठी अपार धडपड केली. या मुलांमध्येही मोजकी ज्यू मुले होती. मुंबईच्या ज्यू समाजाच्या मदतीने ती पुढे पॅलेस्टाइनला गेली. बाकीची नवानगर संस्थानात, जामनगरजवळील बालाचडी येथे गेली. जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना आपल्या उन्हाळी निवासस्थानाजवळ आश्रय दिला. मुले त्यांना ‘बापू’ म्हणत. आज त्या जागी सैनिक शाळा आहे.

वळिवडेची वसाहत त्यानंतरची. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा स्वतःच एक अज्ञान बालक होते आणि संस्थानाचा कारभार राजप्रतिनिधींच्या हाती होता. वसाहतीचा खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकार करीत असे. तरीही जागा, पाणी, शेजार आणि माणुसकी ही कोल्हापूरचीच. लांबलचक बराकींच्या रांगा, शाळा, रुग्णालय, चर्च, स्काउट पथके, नाटके असा पोलंडमधील एखादा छोटा गावच पंचगंगेच्या खोऱ्यात वसला. क्षयरोगाची भीती असलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत पाठवले जाई. आसपासच्या भाजीवाल्यांनी कामापुरती पोलिश भाषा उचलली होती, असे जुने लोक सांगत. वसाहतीतील एका तरुणीने कोल्हापूरच्याच तरुणाशी लग्न केले आणि ती आयुष्यभर येथेच राहिली.

एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. कोल्हापूरचा प्रदेश तेव्हा ज्या पुणे धर्मप्रांतात मोडत होता, त्याचे बिशप हेन्री डोरिंग हे जन्माने जर्मन होते. ‘निरोप्या’ मासिकाचे संस्थापक म्हणून मराठी कॅथोलिकांना ते परिचित आहेतच. जर्मनांनी व रशियनांनी उद्ध्वस्त केलेल्या घरांतील मुले एका जर्मन बिशपांच्या कळपात येऊन विसावली.

दार कितीसे उघडे होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पोलिश ज्यू मुले वळिवडेत फारशी दिसत नाहीत याचे एक कारण वर आले: ज्यांना सोव्हिएत भूमीतून बाहेर पडता आले, तीच थोडी होती आणि त्यांतील बहुतेक पॅलेस्टाइनला गेली. परंतु याहून मोठे कारण असे, की बहुतेक ज्यू मुले त्या आगगाडीत कधी चढलीच नव्हती. ती पोलंडमध्येच अडकली होती.

१९४२ च्या जुलै महिन्यात बालाचडीची छावणी गजबजू लागली होती. त्याच महिन्याच्या १८ तारखेला वॉर्साच्या ज्यू वस्तीतील एका अनाथालयात मुलांनी एक नाटक सादर केले. नाटक होते रवींद्रनाथ टागोर यांचे ‘डाकघर’. बंद खोलीत आजारी पडलेला, खिडकीतून जगाकडे पाहणारा आणि राजाच्या पत्राची वाट बघत शांतपणे डोळे मिटणारा अमल हा त्यातील मुलगा. अनाथालयाचे संचालक डॉ. यानुश कॉर्चाक हे नामवंत बालरोगतज्ज्ञ व लेखक होते. मुलांना मृत्यूला निर्भयपणे सामोरे जाता यावे म्हणून त्यांनी हे नाटक निवडले, असे सांगतात. चारच दिवसांनी वॉर्सातील ज्यूंना त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेण्यास प्रारंभ झाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कॉर्चाक यांच्या सुमारे दोनशे मुलांची पाळी आली. स्वतःची सुटका करून घेण्याच्या संधी त्यांना मिळाल्या होत्या. त्या नाकारून ते मुलांबरोबर गाडीत चढले.

हिंदुस्थानातील एका नाटककाराचे शब्द त्या मुलांपर्यंत पोहोचले होते. हिंदुस्थानचे दार मात्र पोहोचले नाही. ते दार कोणाच्या हाती होते? ब्रिटिश सरकारच्या. युद्धापूर्वी जर्मनी व ऑस्ट्रियातून पळू पाहणाऱ्या ज्यूंना येथे प्रवेश मिळण्यासाठी नोकरी किंवा पोटापाण्याची हमी देणारा कोणीतरी लागे. मुंबईत १९३४ मध्ये स्थापन झालेली ज्यू रिलीफ असोसिएशन ही संस्था अशा हमीसाठी खटपट करी. कोकणातून मुंबईत आलेले मराठीभाषक बेने इस्राएल आणि बगदादी ज्यू असा जुना ज्यू समाज मुंबईत होताच. या प्रयत्नांतून हजाराच्या आसपास किंवा थोडे अधिक ज्यू निर्वासित हिंदुस्थानात पोहोचले. डॉक्टर आले, चित्रकार आले. प्राग शहरातून आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी आकाशवाणीची ती परिचित प्रारंभधून रचली. आपल्या आजीआजोबांच्या पिढीची सकाळ त्या धुनेने होत असे.

पण येथे पोहोचल्यावरही छळाचा विनोद संपला नाही. युद्ध सुरू होताच जर्मन पारपत्र असलेला प्रत्येक जण ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ ठरला. हिटलरपासून पळालेले ज्यू आणि हिटलरचे भक्त असलेले जर्मन व्यापारी यांना आपल्या शेजारच्या अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, एकाच नजरकैदेच्या छावणीत डांबण्यात आले. चौकशीनंतर बहुतेक ज्यूंची लवकरच सुटका झाली. काहींना १९४० मध्ये पुन्हा धरले गेले. सातारा आणि पुरंदर येथे कुटुंबांसाठी निराळी व्यवस्था होती. शिवकाळाशी नाते सांगणाऱ्या पुरंदरच्या आसऱ्याला व्हिएन्ना किंवा बर्लिनच्या मुलांनी काही वर्षे काढली, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत सापडत नाही.

यद्रेयूफ स्थानकावरील मुलगी

छावणीतून सुटलेल्या मुलाचे पुढे काय होते? एदित त्सिरर या ज्यू मुलीची हकीकत या संदर्भात जगभर सांगितली जाते. जानेवारी १९४५ मध्ये ती तेरा वर्षांची होती. जर्मनांच्या श्रमछावणीतून ती नुकतीच मुक्त झाली होती आणि आईवडिलांच्या शोधात क्राकूफकडे निघाली होती. यद्रेयूफ या लहानशा स्थानकावर ती थंडीने व अशक्तपणाने कोसळली. येणारेजाणारे बघून पुढे जात. एक तरुण सेमिनरी-विद्यार्थी थांबला. त्याने तिला गरम चहा आणि पाव आणून दिला. तिला चालवेना, तेव्हा तिला पाठीवर घेऊन तो काही किलोमीटर चालला, गाडीत तिच्यावर आपला झगा पांघरला आणि शेगडी पेटवून दिली. त्याने आपले नाव सांगितले: कारोल वोयतिवा. तोच पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाला.

आपल्या प्रवचनांतून ही कथा साधारण येथे संपते. तिचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. क्राकूफला उतरल्यावर ती मुलगी त्या तरुणापासून लपून बसली. सहप्रवाशांनी तिला घाबरवले होते, की हा धर्माकडे वळलेला माणूस तुला मठात नेऊन ठेवील. तो तिला हाका मारीत राहिला आणि ती बाहेर आली नाही. ज्याने जीव वाचवला त्याचीही तिला भीती वाटली. ही भीती तिच्या मनात कोणी निर्माण केली? हिटलरने, हे खरे. परंतु ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट सर्व यहुद्यांवर लादणारी शिकवण त्याआधी शतकानुशतके ख्रिस्ती देशांत दिली जात होती. तो आरोप ख्रिस्तसभेने ‘नॉस्त्रा एताते’ या घोषणापत्राद्वारे स्पष्टपणे दूर सारला तो २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, म्हणजे त्या स्थानकावरील प्रसंगानंतर वीस वर्षांनी.

एदितचे आईवडील व बहीण परत आले नाहीत. ती अनाथालयांतून, रुग्णालयांतून फिरत शेवटी हैफा शहरात स्थायिक झाली. तिने कामधंदा शिकून संसार थाटला. १९७८ मध्ये पोपपदी निवड झालेल्या व्यक्तीचे नाव ऐकताच तिला सारे आठवले आणि तिने पत्र लिहिले. मार्च २००० मध्ये पोप महोदय यरुशलेममधील याद वाशेम या स्मारकास भेट देण्यास गेले, तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी होती. २०१४ मध्ये तिचे निधन झाले.

घर कोणते?

युद्ध जिंकले गेले, पण वळिवडेच्या मुलांना घर मिळाले नाही. १९४५ च्या याल्टा परिषदेत पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे गेला. त्यांची गावे आता दुसऱ्या देशात होती. काही जण साम्यवादी पोलंडमध्ये परतले. बालाचडीच्या अनाथ मुलांना सक्तीने पाठवले जाऊ नये म्हणून जामसाहेब, फादर फ्रान्सिशेक प्लुटा आणि एक ब्रिटिश अधिकारी यांनी कायद्याने त्यांचे पालकत्व स्वीकारले. १९४६ मध्ये तीही मुले वळिवडेत आली. पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे जेथे जाता आले तेथे सारे पांगले. तिकडे तेहरानची मुले तरुण होईतो पॅलेस्टाइनमध्ये नवे युद्ध उभे राहिले होते. त्यांतील पस्तीस जण १९४८ च्या त्या लढाईत मारले गेले आणि त्याच लढाईत लाखो पॅलेस्टिनी अरबही बेघर झाले.

वळिवडेच्या बराकी १९४८ च्या प्रारंभी रिकाम्या झाल्या. पण फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथे वसवण्यात आले आणि आज कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर त्यातूनच उभे राहिले. त्या मुलांपैकी अनेक कराचीहून आली होती, जेथून पाच वर्षांपूर्वी पोलिश मुले आली होती. त्या वेळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या भीतीने इकडची कुटुंबे रातोरात बैलगाड्या जुंपून सरहद्दीपलीकडे बार्शीकडे, सोलापूरकडे जात होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती हळूहळू परतू लागली.